'पेपर' म्हणजे मिरी, मिरची की ढोबळी मिरची?

तुमचा प्रश्न असा: एकाच इंग्रजी पाककृतीत वर 'दोन रेड पेपर' लिहिलंय आणि खाली 'चवीपुरतं सॉल्ट अँड पेपर'. मग पेपर म्हणजे नक्की काय घ्यायचं, आणि दोन्हींना एकच शब्द का?

आधी स्वयंपाक आटपू. वरचे दोन पेपर म्हणजे दोन लाल ढोबळ्या मिरच्या, खालचं पेपर म्हणजे मिरपूड. पेपर नगावर मोजलं असेल, किंवा चिरायला, भाजायला, बिया काढायला सांगितलं असेल, तर ती मिरची. चिमूटभर, पाव चमचा, 'चवीपुरतं' असं असेल तर मिरी. 'चिली पेपर' किंवा 'हॉट पेपर' म्हणजे आपली तिखट मिरची. 'रेड पेपर फ्लेक्स' म्हणजे पिझ्झाबरोबर पुडीत येते ती सुक्या मिरचीची भरड. 'केयेन पेपर' मिळालं नाही तर लाल तिखट घाला, फक्त काश्मिरी नको, तिला रंगच जास्त. ढोबळी मिरचीला कॅप्सिकम आपण म्हणतो आणि ऑस्ट्रेलियात म्हणतात. अमेरिकेत आणि इंग्लंडात तिला पेपरच म्हणतात.

हे मला सूप बिघडवून कळलं. 'दोन रेड पेपर'च्या जागी मी दोन सुक्या लाल मिरच्या टाकल्या. तिखटजाळ झालं ते झालंच, पण पाण्यासारखं पातळ राहिलं, कारण ज्या भाजीने दाटपणा यायचा ती भाजीच पातेल्यात नव्हती. पुढे एका पाकिटावर 'बेल पेपर'चं मराठी 'घंटा मिरी' असं छापलेलं पाहिलं, तेव्हा आपण एकटे नाही हे बघून बरं वाटलं.

आता शब्दाकडे. मिरी आणि मिरची यांचं एकमेकींशी काही नातं नाही. मिरीचा वेल, विड्याच्या पानांच्या नागवेलीच्या कुळातला. मिरचीचं झुडूप वांगी-टोमॅटोच्या कुळातलं. गंमत म्हणजे 'पेपर' हे नाव मूळचं या दोघींपैकी एकीचंही नाही. ते आहे पिंपळीचं. आयुर्वेदिक दुकानात जिला लेंडीपिंपळी म्हणतात, त्रिकटूत सुंठ आणि मिरीबरोबर जी तिसरी असते, ती. संस्कृत 'पिप्पली' व्यापाऱ्यांच्या तोंडून ग्रीकमध्ये 'पेपेरी' झाली, लॅटिनमध्ये 'पिपेर', आणि इंग्रजीत पेपर. ग्रीकांना लांब (पिंपळी) आणि गोल (मिरी) अशा दोन्ही जाती माहीत होत्या, दोघींना त्यांनी एकच नाव दिलं. पहिल्या शतकात रोमचा लेखक प्लिनी भाव देतो: लांब पिंपळी पौंडाला 15 दिनार, पांढरी मिरी 7, काळी मिरी 4. पुढे युरोपच्या बाजारातून पिंपळी जवळजवळ नाहीशी झाली आणि तिचं नाव मिरीकडे राहिलं.

मिरीचं आपलं नाव वेगळं, 'मरिच'. संस्कृत कोशांत तिला 'यवनप्रिय' असंही नाव आहे, म्हणजे परदेशी लोकांना आवडणारी. किती आवडावी? इ.स. 408 मध्ये गॉथ या जर्मन टोळीवाल्यांचा राजा अलारिक याने रोमला वेढा घातला आणि वेढा उठवायची किंमत मागितली, तेव्हा सोन्याचांदीबरोबर 3,000 पौंड मिरीही मागितली.

मग 1492 उजाडलं. कोलंबस निघाला होता हिंदुस्थानची मिरी शोधायला आणि पोचला भलतीकडे. तिथे लोक 'आही' नावाचं एक तिखट फळ खात होते. जानेवारी 1493 मध्ये त्याने रोजनिशीत लिहून टाकलं की ही इथल्या लोकांची मिरी आहे, आणि आपल्या मिरीपेक्षा सरस आहे. स्पॅनिशमध्ये मिरी 'पिमिएन्ता', मग ही झाली 'पिमिएन्तो'. इंग्रजांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत, दोन्हींना पेपर म्हणून मोकळे झाले.

यावर इंग्रजांना हसण्यात अर्थ नाही, कारण आपणही हेच केलं. पोर्तुगीजांबरोबर मिरची या किनाऱ्याला आली तेव्हा तिला नाव नव्हतं. ज्ञानेश्वरांच्या काळात महाराष्ट्रातल्या कुठल्याच चुलीवर मिरची नव्हती. तिखटपणा होता तो मिरी, पिंपळी आणि आल्याचा. म्हणून मरिचावरून जसं 'मिरी', तसंच त्याच मरिचावरून 'मिरची'. कोकणीत ती 'मिरसांग', म्हणजे मिरीची शेंग. तमिळमध्ये मिरी 'मिळगु' आणि मिरची 'मिळगाय', कन्नडमध्ये 'मेणसु' आणि 'मेणसिनकायी'. दोन्हीकडे अर्थ मिरीचं फळ. हिंदीत तर पाहुणीने घर बळकावलं: नुसतं 'मिर्च' म्हटलं की मिरची, आणि मूळ मालकिणीला ओळख द्यावी लागते 'काली मिर्च' अशी. मराठीत 'तिखट' या विशेषणाचंही तसंच झालं. 'अर्धा किलो तिखट द्या' म्हटल्यावर वाणी कुठलं तिखट असं विचारत नाही.

माझ्या आजोळी सुपारीवर मिरवेल चढवलेले होते. घोसातला एखादा दाणा लाल झाला की घोस उतरवायचे, दाणे सुटे करायचे आणि उन्हात घालायचे. हिरवा दाणा चार दिवसांत काळा आणि सुरकुतलेला होतो, ती काळी मिरी. पूर्ण पिकलेले दाणे पाण्यात भिजवून साल काढली की पांढरी. वेल एकच. पांढरी महाग म्हणून ती वेगळ्या झाडाची, असं सांगणारे दुकानदार मी पाहिले आहेत.

जेवणाबाहेरही हा शब्द भेटतो. 'पेपरकॉर्न रेंट' म्हणजे नावापुरतं भाडं. बर्म्युडा बेटावर फ्रीमेसन या बंधुसंघाची एक मंडळी जुन्या सरकारी इमारतीचं वर्षाचं भाडं म्हणून गव्हर्नरला खरोखर मिरीचा एक दाणा देतात, 1816 पासून. उलट डच भाषेत फार महाग वस्तूला मिरीइतकी महाग म्हणतात. 'सॉल्ट अँड पेपर' केसांना माझी आजी तीळतांदूळ म्हणायची. कुणाला प्रश्नांनी 'पेपर' करणं म्हणजे भडिमार करणं. आपण मात्र मिऱ्या थेट दुसऱ्याच्या डोक्यावर वाटतो. पेपरमिंटच्या गोळीत मिरी नसते, पुदिन्याची ती जात जिभेला झोंबते म्हणून नाव तसं. इटलीत 'पेपेरोनी' पिझ्झा मागवलात तर ढोबळी मिरची घातलेला येईल. आणि पेपर स्प्रेला बातम्यांत 'मिरपूड स्प्रे' म्हणतात ते चूक आहे, त्यात मिरचीचा अर्क असतो.

एक पेपर राहिलं. चिनी पाककृतीत 'सिचुआन पेपर' दिसलं तर मिरी नको आणि मिरचीही नको. ते आपल्या तिरफळाचं सख्खं भावंड, बांगड्याच्या तिखल्यात पडतं त्या तिरफळाचं. जीभ तशीच बधिर होते. मिळालं नाही तर तिरफळच घाला, पण आतली काळी बी काढून फक्त साल घ्या. बी राहिली तर दाताखाली खडा आल्यासारखं होतं.