जुन्या विमानसेवेचे सही असलेले कागद, पाकिटं जमवायची आहेत. पुण्यात सुरुवात कशी करू आणि खरी सही ओळखायची कशी?

आधी पाकीट बघा, सही मागाहून. मी उलटं केलं आणि आठ हजार घालवून बसलो.

एका विक्रेत्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ चा शिक्का असलेलं पाकीट दिसलं. जेआरडी टाटांनी पस मॉथ नावाच्या छोट्या विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं, तो दिवस. कोपऱ्यात निळ्या शाईत त्यांची सही. घासाघीस करायचंही भान राहिलं नाही.

घरी येऊन भिंगाखाली धरलं. फाउंटन पेनची शाई कागदाच्या तंतूंत थोडी पसरते. इथे रेघेच्या मधोमध बारीक पांढरी चीर आणि वळणावर शाईचा गोळा. बॉलपेन! ते बाजारात आलं १९४० च्या दशकात. तरी मन मानेना. जेआरडी १९९३ पर्यंत होते, १९६२ आणि १९८२ मध्ये त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला, तेव्हा कुणी जुन्या पाकिटावर सही घेतली असेलही. तशी सही खरीच, फक्त भाव वेगळा. पण मग भिंग शिक्क्यावर नेलं, तर शाई म्हणजे नुसते रंगीत ठिपके. प्रिंटरचं काम. पाकीट उलटलं, तर मागे मुंबईला पोचल्याचा शिक्काही नाही. हे दुकानातच उलटून बघता आलं असतं की!

म्हणून सुरुवात बिनसहीच्या पाकिटांनी करा. १९११ चं अलाहाबाद-नैनी टपाल (फ्रेंच वैमानिक पिकेच्या विमानातून गेलेली साधारण साडेसहा हजार पत्रं) सध्या सोडा, महाग पडेल. एअर इंडिया इंटरनॅशनलच्या ८ जून १९४८ च्या मुंबई-लंडन पहिल्या उड्डाणाची पाकिटं बघा. त्यासाठी १२ आण्यांचं खास तिकीट निघालं होतं. बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा, पण सहीचा माल जाणत्या संग्राहकाला दाखवल्याशिवाय घेऊ नका.

परदेशी लिलावात विकायचा विचार असेल तर जपून. ७५ वर्षांहून जुना, ऐतिहासिक मोलाचा दस्तऐवज १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरतो आणि खासगी माणसाला तो देशाबाहेर पाठवता येत नाही.

आणि लॅमिनेशन? अजिबात नको. पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. माझं ते आठ हजारी पाकीटही तिथेच आहे, नवख्यांना भिंग धरायला शिकवताना काढतो.