आधी सेंटरचे पाय बघ

प्रिय खेळाडूस,

सप्रेम आशीर्वाद.

बास्केटबॉलमध्ये पॉइंट गार्ड म्हणून, म्हणजे चेंडू पुढे नेऊन चाल मांडणारा खेळाडू म्हणून, कोणाचा खेळ डोळ्यांसमोर ठेवू, असं तू विचारलंस. माझं उत्तर ठरलेलं आहे: ग्रीसचा दिमित्रिस दियामान्तिदिस. तू फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, नियमांनी खेळतोस, अमेरिकेतल्या एनबीए लीगच्या नाही. तिकडे बचाव करणाऱ्याला प्रतिस्पर्धी जवळ नसताना पेंटमध्ये, म्हणजे बास्केटसमोरच्या रंगवलेल्या पट्ट्यात, तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही. फिबात ही अट नाही, म्हणून सेंटर, म्हणजे बहुधा संघातला सगळ्यात उंच खेळाडू, बास्केटखाली ठाण मांडून बसतो. एनबीएच्या क्लिप पाहून सरळ आत घुसणारा मुलगा त्याच्या छातीवर आदळतो आणि वर चार्जिंगचा, म्हणजे बचावपटूवर आदळल्याचा, फाउल ओढवून घेतो. पाचव्या फाउलला तर तू बाहेरच.

दियामान्तिदिस एनबीएत एकही सामना खेळला नाही. जन्म 1980, कास्तोरियाचा. 1999 मध्ये थेस्सालोनिकीच्या इराक्लिस क्लबमधून सुरुवात केली, 2004 मध्ये अथेन्सच्या पानाथिनाइकोस क्लबकडे गेला आणि 2016 मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. प्रशिक्षक झेल्को ओब्रादोविच यांच्या हाताखाली 2007, 2009 आणि 2011 अशा तीन युरोलीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धा, जिंकल्या. युरोलीगचा सर्वोत्तम बचावपटू तो सहा वेळा ठरला. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, कारण उंची फक्त 1.96 मीटर आणि उडीही काही थक्क करणारी नव्हती.

मग चेंडू हिसकावायचा कसा? तू झेप घेतोस, तिथेच चुकतं. झेप हुकली की तू खेळाबाहेर. तुझा माणूस मोकळा आत शिरतो, त्याला अडवायला कोपऱ्यातला साथीदार धावतो आणि कोपऱ्यातून बिनविरोध थ्री पॉइंटर पडतो. म्हणजे चूक तुझी आणि ओरडा त्याला. त्यापेक्षा समोरच्यापासून एक हात अंतर ठेव, गुडघे वाकव, चेंडूच्या बाजूचा हात खाली ठेव, तळवा वरच्या दिशेला. चेंडू जमिनीवर आपटून वर येत असतो तेव्हा तो कोणाच्याच हातात नसतो. त्या क्षणी खालून नुसता टोला दे. वरून मारलेला हात मनगटावर बसतो आणि शिट्टी वाजते. पाय जागचे हलवायचे नाहीत.

आता पिक अँड रोल: साथीदार तुझ्या बचावपटूच्या वाटेत उभा राहतो, म्हणजे स्क्रीन लावतो, तू त्याला घासून निघतोस आणि तो बास्केटकडे वळतो. 2006 च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, जपानच्या सायतामा शहरात, ग्रीसने अमेरिकेला 101-95 हरवलं, ते मुख्यतः याच एका चालीच्या जोरावर. अमेरिकेकडे लेब्रॉन जेम्स आणि ड्वेन वेड होते. ग्रीसचे पापालुकास, स्पानुलिस आणि दियामान्तिदिस तीच चाल पुन्हा पुन्हा खेळत राहिले आणि समोरच्यांना तिचं उत्तर सापडलं नाही. (अंतिम सामन्यात स्पेनने ग्रीसला 47 गुणांवर रोखलं, तोही सामना बघ.)

स्क्रीन लावणाऱ्याच्या खांद्याला तुझा खांदा घासूनच निघाला पाहिजे. मध्ये वीतभर फट राहिली तरी तुझा बचावपटू त्यातून निसटतो आणि सगळी चाल वाया जाते. स्क्रीननंतर दोन ड्रिबल घे आणि समोरच्या सेंटरचे पाय बघ. पाय तुझ्याकडे आले तर आत वळणाऱ्या आपल्या सेंटरला पास. पाय मागे राहिले तर थांबून उडी घे आणि शॉट मार. कोपऱ्यातला बचावपटू मदतीला आत आला तर चेंडू कोपऱ्यात.

दियामान्तिदिस डावखुरा. डाव्या हाताने ड्रिबल चालू असतानाच, चेंडू दोन्ही हातांत न धरता, तो थेट पास सोडायचा. तू आधी चेंडू उचलतोस, मग बघतोस, मग फेकतोस. तोवर फट बुजलेली असते. पास सेंटरच्या छातीवरही देऊ नकोस, धावणारा माणूस तिथून पुढे गेलेला असतो. वळल्यावर त्याचं दुसरं पाऊल पडेल तेव्हा हाताच्या एक पाऊल पुढे, जमिनीवर एक टप्पा देऊन सोड.

सराव घरच्या घरी होतो. अंगणात स्क्रीनच्या जागी खुर्ची ठेव, भिंतीवर कमरेच्या उंचीला खडूने चौकोन काढ. खुर्चीला घासून निघ, दोन ड्रिबल, एका हाताने टप्पा पास. कमजोर हाताने रोज 50, सरावलेल्या हाताने 25. चौकोन पाहून फेकू नकोस, नजर कोपऱ्याकडे ठेव. पहिले आठ-दहा दिवस निम्मे चुकतील.

त्याआधी सायतामाचा सामना शोध आणि पहिला क्वार्टर दोनदा बघ. दुसऱ्यांदा चेंडूकडे न पाहता फक्त अमेरिकेच्या सेंटरचे पाय बघ. प्रत्येक स्क्रीनला ते कुठे गेले आणि पास कुठे गेला, असे दोन रकाने वहीत भर आणि वही मला पाठव.

तुझा,
प्रशिक्षक