कव्हर खोलण्याआधी कपलर बघ

प्रश्न : ताई, माझी दीडशे सीसीची गाडी आहे, वडिलांनी २०१४ मध्ये घेतलेली. पलूस ते सांगली रोजचं जाणं-येणं. गळीत हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या विनालाइटच्या उभ्या असतात, म्हणून ५५ वॉटचे दोन हॅलोजन जादा लावले. तेव्हापासून बॅटरी टिकत नाही. नवीन घातली, तीही बसली. गाडी चालू असताना मल्टिमीटर १२.१ व्होल्ट दाखवतो. गॅरेजवाले म्हणतात, लाइटांमुळे मॅग्नेट कॉइल जळाली. कॉइल घरी बदलता येईल का? पाने आहेत, मॅग्नेट पुलर नाही.
– एक विद्यार्थी, पलूस

उत्तर : येईल की. पण वीज तयार करणारी ही कॉइल इंजिनच्या ज्या कव्हराआड असते, त्याला आत्ताच हात लावू नकोस. १२.१ वरून बॅटरी चार्ज होत नाही एवढंच कळतं. दोष कॉइलचा, आरआर युनिटचा (कॉइलची एसी वीज डीसी करून व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर), मधल्या कपलरचा (वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड) की नुसत्या जादा लोडचा, ते अजून ठरायचंय. नवी कॉइल घालूनही तोच त्रास घेऊन आमच्या दुकानात येणारे कमी नाहीत.

आधी बॅटरी बाहेरून पूर्ण चार्ज कर. मग हॅलोजन बंद ठेवून, रेस चार हजार आरपीएमवर नेऊन बॅटरीवर मीटर लाव. १३.५ ते १४.५ आले तर कॉइल ठणठणीत आहे, तुझे लाइटच झेपत नाहीत. हिशेब बघ : या वर्गातल्या गाडीची कॉइल चांगल्या रेसला साधारण दीडशे वॉटच्या आसपास देते, आयडलला त्याहून बरीच कमी. तुझे दोन हॅलोजनच ११० खातात. हेडलाइट, टेललाइट, इग्निशन वेगळंच. एलईडीची जोडी लाव, भांडण मिटेल.

आकडा हललाच नाही, तर कॉइलकडून आरआर युनिटकडे जाणारा कपलर सोडव. पिना काळ्या पडल्यात का, प्लास्टिक वितळलंय का, ते नीट बघ. पुष्कळदा आजार इथेच सापडतो आणि कव्हर खोलायची वेळच येत नाही. कपलर सुटाच ठेवून गाडी चालू कर, मीटर एसी व्होल्टवर घे. कॉइलच्या बाजूने एकाच रंगाच्या, बहुधा पिवळ्या, तीन वायरी येतात. दोन-दोन धरून तिन्ही जोड्या मोज. चार-पाच हजार रेसला प्रत्येक जोडीत पन्नासच्या वर आणि तिन्हीकडे जवळपास सारखंच यायला हवं. एक जोडी मागे पडली की कॉइल गेली. इंजिन बंद करून एकेक वायर आणि इंजिनची बॉडी यांत कंटिन्युइटीही बघ. बीप वाजला तर कॉइल बॉडीला लागलीय. (काही गाड्यांत कॉइलचं एक टोक मुद्दामच अर्थला जोडलेलं असतं. वायरी तीनऐवजी दोन निघाल्या तर ही शेवटची चाचणी धरू नकोस.) कॉइल यातून पास झाली आणि कपलरही स्वच्छ असला, तर आरआर युनिट बदल.

आता ‘लाइटांमुळे जळाली’ हे. मला पटत नाही. अशा गाड्यांचं आरआर युनिट बहुतेक शंट प्रकारचं असतं. नको असलेली वीज ते कॉइलची टोकं एकमेकांना जोडून अडवतं. म्हणजे लाइट बंद असतानाही कॉइलमधून करंट भरपूर धावतो, ती तापतच राहते. तुझ्या लाइटांनी बॅटरी रिकामी केली असेल, पण कॉइल काळी पडायला उष्णता, जुनं इन्सुलेशन नाहीतर बिघडलेलं युनिट लागतं. म्हणून कॉइल खरंच जळालेली निघाली तर युनिट तपासल्याशिवाय नवी बसवू नकोस.

बदलायचीच झाली तर इंजिन थंड असताना, गाडी मेन स्टँडवर. साइड स्टँडवर गाडी डावीकडे झुकते आणि मॅग्नेटचं कव्हरही डावीकडेच, सगळं ऑइल फरशीवर येईल. ऑइल काढूनच घे. बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडव. गिअर लिव्हर काढण्यापूर्वी शाफ्टवर खूण कर. कव्हरचे बोल्ट कमीजास्त लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून ज्याच्या त्याच्या जागी खोच. कव्हर चिकटलं तर रबरी हातोडीने ठोक, फटीत स्क्रूड्रायव्हर घालू नकोस, पॅकिंगची बैठक खरवडली की ऑइल गळायला लागतं. चुंबक कव्हर जोरात ओढून धरतं, बसवताना बोटं सांभाळ. स्टार्टरचा गिअर, वॉशर, डॉवेल पिना कुठून निघाल्या त्याचा फोटो काढून ठेव.

कॉइल कव्हरच्या आतच बसलेली असेल तर पुलर लागत नाही. ती मॅग्नेटच्या मागे इंजिनला असेल, तर मात्र मॅग्नेट ओढून काढणारा पुलर आणल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. मॅग्नेटवर घण घालून तो फोडणारे आणि क्रँक वाकवणारे ‘मेस्त्री’ मी पाहिलेत. कॉइलच्या बोल्टना मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक (बोल्ट ढिला होऊ न देणारा गोंद), वायर बाहेर येते त्या रबरी बुचाला सिलिकॉन, पॅकिंग नवंच. मॅग्नेटला चिकटलेला लोखंडी कीस फडक्याने पुसून घे. कव्हरचे एम ६ बोल्ट १० न्यूटन-मीटरच्या आसपास, तिरक्या क्रमाने. पिळवटून टेप मारलेला जोड मला दाखवू नकोस. सोल्डर करून वर हीट-श्रिंकची नळी चढव.

राहिलं रिवाइंडिंग, म्हणजे जुन्याच कॉइलवर नवी तार भरणं, कारण कुणीतरी ते सुचवेलच. आम्ही शेतीपंपाच्या मोटारी भरतो. तीच तार, तेच वॉर्निश गाडीच्या कॉइलला चालत नाही. गरम ऑइलमध्ये ते टिकत नाही. १८० अंशांची एच क्लास तार, तेवढेच वेढे, तेवढीच जाडी मिळणार असेल तर भर, नाहीतर नवी घे.

प्रश्न : बॅटरी बसली की ती काढून ठेवून नुसत्या किकवर गाडी चालवली तर?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : इंजेक्शनची गाडी असेल तर पंपालाच वीज लागते, विषय संपला. जुनी कार्ब्युरेटरची गाडी कदाचित निघेलही, पण व्होल्टेजचे झटके शोषायला बॅटरी नसल्याने आधी बल्ब उडतील, मग आरआर युनिट. गॅरेजपर्यंत ढकलत न्या.