गाडीच्या लांब प्रवासात मोबाइल न देता मुलांना कोणत्या खेळांत रमवता येईल?

ज्यांत मुलांची नजर खिडकीबाहेर राहते आणि हातात काही धरावे लागत नाही, असे तोंडी खेळ गाडीत सर्वांत चांगले चालतात: शब्दांच्या भेंड्या, पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटवरील अंकांची बेरीज, किंवा मनात धरलेली वस्तू २० प्रश्नांत ओळखणे. याचे कारण असे की पुस्तकात किंवा पडद्यावर डोळे खिळलेले असताना आतल्या कानाला गाडीची हालचाल जाणवते, पण डोळ्यांना समोरचे सारे स्थिर दिसते, आणि या विसंगतीतूनच मळमळ सुरू होते. हा त्रास साधारण २ ते १२ या वयात अधिक आढळतो. २० प्रश्नांचा खेळ मला यांत विशेष मोलाचा वाटतो, कारण ‘ते सजीव आहे का?’ असा व्यापक प्रश्न आधी विचारला की कितीतरी शक्यता एकदम गळतात, हे मुलांना कोणी न शिकवताच उमगते. प्रत्येक उत्तराने शक्यता निम्म्या होत गेल्या, तर २० प्रश्नांत दहा लाखांहून अधिक वस्तूंमधून एक वेगळी काढता येते. मात्र अगदी लहान मुलांना नियम पाळणे जड जाते, म्हणून त्यांच्यासाठी ‘लाल गाडी दिसली की सांग’ एवढाच खेळ ठेवावा.