जंगली भातापासून खारपट जमिनीसाठी वाण तयार होऊ शकतो का?

होय, होऊ शकतो. मात्र संकराचा अडथळा फार मोठा आहे. सुंदरबनात भरतीच्या पाण्यात वाढणारा ओरायझा कोआर्क्टाटा हा भाताचा जंगली सोयरा पानांवरच्या सूक्ष्म केसांतून मीठ बाहेर टाकतो, आणि हाच मोलाचा गुण लागवडीच्या भातात आणायचा आहे. परंतु त्याची गुणसूत्रे ४८ आणि आपल्या भाताची २४ असल्याने संकरित भ्रूण बहुधा दाण्यातच मरतो. तो वेळीच काढून प्रयोगशाळेत वाढवावा लागतो. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने २०१३ मध्ये आयआर-५६ या लागवडीच्या वाणाबरोबरचा असा यशस्वी संकर जाहीर केला. त्यानंतरही उतारा सुधारण्यासाठी लागवडीच्या वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करावा लागतो, म्हणून कोकणातल्या खारेपाटात आता पेरायचे असेल तर पनवेल-३ सारखे क्षारसहनशील वाणच घ्यावेत.