हिवाळा जवळ आला की गेलेले मित्र आठवतात. त्यांचा दिवस मित्रांनी कसा पाळावा, तारखेने की तिथीने?

तुम्ही लिहिलंय की दोन मित्र गेले, एक ऐन दिवाळीत आणि दुसरा डिसेंबरात. घरचे तिथीने करतात, तुम्हाला कधी बोलावणं येतं, कधी येत नाही, आणि त्या दिवशी घरी फोन करावा की गप्प बसावं हेही कळत नाही.

माझं मत विचाराल तर मित्रांनी तारीख धरावी, नाहीतर तसाही येणारा एखादा दिवस. तिथी घरच्यांची.

दिवाळीत गेलेल्या माणसाची तिथी किती फिरते बघा. लक्ष्मीपूजन 2023 मध्ये 12 नोव्हेंबरला होतं आणि 2025 मध्ये 21 ऑक्टोबरला. चांद्र वर्ष साधारण 11 दिवसांनी लहान, म्हणून तिथी दरवर्षी मागे सरकते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जाते. घरी भिंतीवर कालनिर्णय असतं, कोणीतरी महिनाभर आधी पान उलटून बघतं, भटजींना सांगून ठेवतं. त्यामुळे घरच्यांचं जमतं. मित्रांपैकी एक पुण्यात, एक ठाण्यात, एक दुबईत असेल तर आश्विन वद्य चतुर्दशी यंदा कधी येते हे एकही जण बघणार नाही. (गंमत म्हणजे 19 वर्षांनी तारीख आणि तिथी पुन्हा जवळजवळ जुळतात. 2001 चं लक्ष्मीपूजन 14 नोव्हेंबरला होतं, 2020 चंही 14 नोव्हेंबरलाच. पण तेवढ्या अंतराने पाळायचा दिवस म्हणजे न पाळल्यातच जमा.)

तिथीचं बोलावणं आलं तर जरूर जा, खीर-वडे जेवा, उगाच 'मी श्राद्धबिद्ध मानत नाही' हे त्याच दिवशी ऐकवू नका. आणि शास्त्रात मित्राला अगदीच जागा नाही असं नाही. महालयात, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धात, ज्यांच्या नावाने पिंड द्यायचे त्यांच्या यादीत आईवडील, आजोबा-पणजोबा, काका, मामा, आत्या, सासरे असे सगळे होऊन गेले की शेवटी गुरू, शिष्य आणि आप्त येतात. मित्र त्या आप्तांत बसतो. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणतात आणि काम पुढे नेतात. ज्यांना असं काही करावंसं वाटतं त्यांनी सर्वपित्रीला करावं, कोणाची परवानगी लागत नाही.

आता माझ्याकडचं सांगतो. मी वर्षानुवर्षं सकाळच्या विरार-चर्चगेट लोकलने जातो. आमचा ग्रुप आहे आणि ग्रुपमध्ये आडनावापेक्षा स्टेशन चालतं. वसईकर, सोपारकर, भाईंदरकर. वसईकर कायम चौथ्या सीटवर. ज्यांनी विरार लोकल बघितली नाही त्यांच्यासाठी: तिघांच्या बाकावर चौथा माणूस अर्ध्या मांडीवर टेकतो, ती चौथी सीट. खिडकी मिळाली तरी वसईकर ती दुसऱ्याला द्यायचा. म्हणायचा, खिडकीत झोप लागते आणि तुमच्या चहाड्या ऐकायच्या राहतात.

तो नोव्हेंबरच्या तोंडावर गेला. पहिल्या वर्षी व्हॉट्सॲपवर हात जोडलेले, फुलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली', दिवसभर रांग लागली. मला त्या रांगेचा राग येत नाही, पण तिच्यात कोणी कोणाशी बोलत नाही. त्याच्याही आधी एक विचित्र गोष्ट झाली होती. साधारण 120 दिवस वापर झाला नाही की व्हॉट्सॲप खातं काढून टाकतं, आणि एका सकाळी ग्रुपवर ओळ आली की वसईकरने ग्रुप सोडला. गाडीत त्यावर मीरा रोडपर्यंत कोणी बोललं नाही. मग भाईंदरकर म्हणाला, 'हा सांगून कधीच कुठे गेला नाही.' तेव्हा कुठे हसलो.

आम्ही वेगळा स्मरणदिन असा ठरवलाच नाही. जे दिवस तसेही येतात त्यांना त्याला जोडून टाकलं, आणि टिकलं ते एवढ्यामुळेच असं माझं ठाम मत आहे. दसऱ्याच्या आदल्या कामाच्या दिवशी लोकलमध्ये डब्याची पूजा होते. झेंडूची तोरणं, फुगे, आरती, मग पेढे आणि फरसाण. त्याची वर्गणी लिहायची एक वही आहे. त्या वहीत गेलेल्यांची नावं आम्ही काढत नाही. वसईकरच्या नावापुढची रक्कम दरवर्षी कोणीतरी भरतो, कोणी भरली हे विचारायचं नाही अशी पद्धत पडली आहे. नव्या पोरांना वही दिली की ती विचारतात, हे काका कुठून चढतात? मग त्यांना सांगावं लागतं.

दुसरा दिवस 2 नोव्हेंबर. वसईकर कॅथलिक, आणि ख्रिस्ती लोकांत हा दिवस सगळ्या मृतांच्या स्मरणाचा. आदल्या दिवशी सर्व संतांचा सण असतो. कबरी दोन-चार दिवस आधीपासून घासूनपुसून घेतात, वर झेंडू आणि शेवंती, कडेने मेणबत्त्या. दफनभूमीतच मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, होतो, मराठीतून, त्यामुळे आमच्यासारख्यालाही सगळं कळतं. नंतर फादर पवित्र पाणी शिंपडत कबरींमधून जातात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बाजूच्या कबरीवरच्या बाईंनी काही न विचारता माझ्या हातात एक मेणबत्ती दिली आणि वारा कुठून येतोय ते बघून कशी लावायची तेही सांगितलं. परक्याने जावं का, असं तुम्हाला वाटत असेल तर जा. फक्त एक लक्षात ठेवा, मुंबई-वसईकडे जागा कमी, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी काही वर्षांनी तीच कबर दुसऱ्यासाठी उघडतात आणि अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात हलवतात. घरच्यांना आधी विचारून जा, नाहीतर भलत्याच माणसाला फुलं वाहून याल.

आमच्या लाईनीवर 11 जुलै कोणाला सांगावी लागत नाही. 2006 च्या लोकलमधल्या बॉम्बस्फोटांनी कितीतरी ग्रुपमधलं कोणी ना कोणी नेलं, आणि दरवर्षी माहीम स्टेशनवर लोक जमतात. पण तो सगळ्यांचा दिवस. एकट्यादुकट्या माणसाचा दिवस छापील कॅलेंडरवर नसतो, म्हणून त्याला असं कशाच्या तरी पाठीला बांधावं लागतं. तुमचा दिवाळीतला मित्र त्या बाबतीत सोपा आहे. धनत्रयोदशीला यमदीपदान असतं, दक्षिणेकडे वात करून दिवा लावायचा. नाहीतरी घरात लागतोच. शिवाय आकाशकंदील हौसेचा झाला तो अलीकडे, कार्तिकातला आकाशदिवा पूर्वजांच्याही नावाने लावत. थंडीच्या सुरुवातीला गेलेली माणसं आठवतात हा फक्त तुमच्या मनाचा खेळ नाही. पितृपक्षापासून दिवाळीपर्यंत आपलं पंचांगच त्यांना घेऊन चालत असतं.

फराळाचं मात्र नीट वाचा, ते तुमच्या कामाचं आहे. दुखवट्याच्या वर्षी घरी फराळ तळत नाहीत, शेजारीपाजारी आणि नातेवाईक डबे देतात. पहिल्या दिवाळीला त्या घरात डबे ठेवायला जागा नसते. दुसऱ्या दिवाळीला रीतीप्रमाणे सगळं सुरू झालेलं असतं, म्हणून कोणी येत नाही, आणि घरच्या बाईला चकलीची भाजणी करायचा उत्साह तर अजून आलेला नसतो. तुम्ही दुसऱ्या वर्षी डबा घेऊन जा. तिसऱ्याही.

फोनचं म्हणाल तर नेमक्या दिवशी नको. त्या दिवशी घरात पाहुणे असतात, तोच तोच प्रश्न दहा जण विचारतात. आदल्या संध्याकाळी करा. 'कशा आहात' याला उत्तर नसतं, त्यापेक्षा त्याची एखादी अशी गोष्ट सांगा जी घरी माहीत नाही. मित्रांकडे अशा गोष्टी भरपूर असतात आणि घरच्यांना त्याच हव्या असतात. वसईकर थंडीत सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, आणायचा, वाळलेल्या पानात बांधलेली, आणि बोरिवली यायच्या आत डब्यात संपायची. वहिनींना वाटायचं तो एकटाच सगळी खातो, आणि शुगरवरून त्याला रोज ओरडा बसायचा. आम्ही खाल्ली हे मी फोनवर सांगितलं तेव्हा त्या आधी आमच्यावर चिडल्या आणि मग बराच वेळ बोलल्या. आता आमच्यासाठी सुकेळी त्या पाठवतात.

डिसेंबरातल्या मित्रासाठी खूप जणांना गोळा करायच्या फंदात पडू नका. दोघं-तिघं पुरतात, तारखेच्या जवळचा रविवार चालतो. आणि भेटायचं ते बाहेर कुठेतरी, एखाद्या हॉटेलात. त्याच्या घरी ठेवलंत तर त्याची बायको किंवा आई सकाळपासून तुमच्यासाठी पोहे करत उभी राहील.