अमेरिकेत केंटकीतल्या कीनलँडला घोड्यांचा लिलाव बघायला साधा माणूस जाऊ शकतो का? आणि सगळ्यात महाग घोडा घेतला की तो रेस जिंकतोच ना?

जाऊ शकता की, तिकीटसुद्धा नाही. मी तिथल्याच लेक्सिंग्टन शहरात शिकायला होतो तेव्हा दोनतीनदा जाऊन बसलोय, खिशात बसचे पैसे होते फक्त. एक मात्र आधीच बघून घ्या, तिथे रेस एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये असतात आणि यर्लिंगचा, म्हणजे साधारण दीड वर्षाच्या शिंगरांचा मोठा लिलाव सप्टेंबरात, त्यामुळे दोन्ही एकाच फेरीत होत नाही. ट्रॅक 1936 चा आहे, दगडी बांधकाम, झाडं भरपूर. लिलाव तिथे जोरात सुरू झाला तो दुसऱ्या महायुद्धामुळे. 1943 साली रेल्वेवर निर्बंध होते, शिंगरं न्यूयॉर्ककडच्या साराटोगाच्या लिलावाला पाठवता येईनात, मग इथेच तंबू ठोकून विकली आणि त्यातलाच हूप ज्युनियर 1945 ची केंटकी डर्बी, म्हणजे अमेरिकेतली सगळ्यात नावाजलेली रेस, जिंकला.

गेलात तर थेट हॉलमध्ये जाऊन बसू नका, सकाळी मागच्या तबेल्यांकडे जा, खरी मजा तिकडेच आहे. प्रत्येक शिंगराच्या पुठ्ठ्यावर, म्हणजे कमरेमागच्या भागावर, नंबराचा स्टिकर असतो त्याला हिप नंबर म्हणतात. गिऱ्हाईक कॅटलॉग काखेत मारून येतं, नंबर सांगतं, मोतद्दार शिंगरू बाहेर काढून उभं करतो, मग चालवत नेतो, वळवतो, परत आणतो. झालं, एवढंच! पळवून दाखवत नाहीत, पाठीवर कोणी बसत नाही. मी एका म्हाताऱ्या एजंटला बघितलं, तो एकच शिंगरू तीनदा चालवायला लावून स्वतः उकिडवा बसून नुसते पुढचे गुडघे आणि खूर बघत होता, तोंडाकडे एकदाही बघितलं नाही, आणि शेवटी काही न बोलता कॅटलॉगचं पान दुमडून निघून गेला. ते पान आवडलं म्हणून दुमडलं की नाही म्हणून, देव जाणे. पायांचे एक्सरे वेगळे ठेवलेले असतात, ते गिऱ्हाइकाचा डॉक्टर जाऊन बघतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. नाही जिंकत. किंवा जिंकेलही, पण किमतीवरून काही कळत नाही कारण पैसे मोजले जातात ते आईबापाच्या नावाचे आणि त्या दहा पावलांच्या चालीचे, रेस तर अजून एकही झालेली नसते. याला एक उदाहरण मला फार आवडतं. माय चार्मर नावाची घोडी होती. तिचं एक शिंगरू 1975 मध्ये केंटकीतल्याच दुसऱ्या एका लिलावात 17,500 डॉलरला गेलं, ते सिॲटल स्लू, 1977 मध्ये तोवर एकही रेस न हरता ट्रिपल क्राउन, म्हणजे अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या रेस, जिंकलं. मग काय, घोडीचं नाव झालं आणि 1985 मध्ये तिचंच दुसरं शिंगरू, बाप निजिन्स्की, कीनलँडला 1 कोटी 31 लाख डॉलरला विकलं गेलं, सिॲटल डान्सर. आई तीच हां! ते आयर्लंडमध्ये दोन रेस जिंकलं, वाईट नव्हतंच, पण भावाच्या जवळपासही नाही. त्याच्याआधी 1983 मध्ये स्नाफी डान्सर 1 कोटी 2 लाखांना गेला होता, तो तर एकही रेस पळला नाही, आणि पैदाशीला ठेवला तर तिथेही बोंब, मोजून चार शिंगरं झाली.

पैदाशीवरून आठवलं, या मोठ्या किमतींमागे हेच गणित असतं. थरोब्रेडमध्ये, म्हणजे या रेसच्या घोड्यांच्या जातीत, कृत्रिम रेतन चालत नाही, घोडा आणि घोडी प्रत्यक्षच एकत्र आणली पाहिजेत असा नियम आहे, त्यामुळे नामांकित घोड्याची फी भरमसाट असते. म्हणजे घेणारा रेसच्या बक्षिसावर नाही, त्याच्यानंतरच्या पंधरावीस वर्षांवर पैसे लावत असतो.

हॉलमध्ये लिलाव पुकारणाऱ्याचं बोलणं पहिली दहा मिनिटं एक अक्षर कळणार नाही, डोक्यावरच्या बोर्डावरचे आकडे बघत राहायचं. शिंगराने मध्येच लीद टाकली तर टाय लावलेला एक माणूस सुपली घेऊन येतो, शांतपणे भरतो आणि जातो, तोवर बोली लाखभराने वर गेलेली असते. नाक खाजवलं तर घोडा गळ्यात पडेल का, हे मलाही वाटलं होतं. नाही पडत, बोली टिपणाऱ्या माणसांना घेणारे कोण ते ओळखीचे असतात आणि पैशांची सोय आधीच दाखवावी लागते. पण खरंच घेतलात तर एक लक्षात ठेवा, हातोडा पडला त्या क्षणापासून घोडा तुमचा, दारातून बाहेर नेताना त्याचा पाय मुरगळला तरी तुमचाच, आणि सही घ्यायला माणूस खुर्चीपाशी येऊन उभा असतो.